सामान किती?

काकांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी मागच्या खोलीत राहायचे म्हणून ‘मागची’. शेजारच्या खोलीतली नर्स ‘बाजूची’, आणि जिन्यावरच्या दोन खोल्यांत जे कुटुंब होतं ते अख्खं ‘वरचे’. पोस्टमननं पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचलं की काका चकित व्हायचे. ‘असं नाव हाय व्हय हिचं?’ म्हणायचे आणि संध्याकाळपर्यंत विसरून जायचे. सगळ्यांचं सारखंच होतं, त्यामुळे मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला लागलं ते पुढे, जेव्हा त्यांनी एका माणसाला नावानं हाक मारायला सुरुवात केली. अजूनही वाटतं.

काका म्हणजे आमचे घरमालक. गाव चुडावा, नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, आणि घर परभणीत स्टेशनच्या बाजूला. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन येतात. काका एक जुना लोखंडी काटा घेऊन आले. तो ओसरीच्या हुकाला कायम टांगलेला असायचा आणि घरात येणारी प्रत्येक गोष्ट आधी त्यावर चढायची. पिठाची पिशवी, गॅसचं सिलिंडर, कलिंगड, एकदा तर पाहुण्यांचं बाळ, झोळीसकट. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, ‘अवो, ते लेकरू हाय!’ काका म्हणायचे, ‘लेकरू हाय म्हणूनच. लेकराचं वजन म्हाईत पायजे.’

फाटकावर त्यांच्या नावाची पाटी नव्हती. पत्र्याच्या तुकड्यावर त्यांनी स्वतः रंगवलेलं एक वाक्य होतं: ‘सामान आत आणण्याआधी विचारावे.’

मी पहिल्यांदा त्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा खोल्या शोधून अगदी मेटाकुटीला आले होते. कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायची नोकरी मिळाली होती, पण राहायला जागा मिळेना. जिथं जावं तिथं आधी पाणी मिळायचं, पंखा लागायचा, कॉलेजात शिकवते म्हटल्यावर ‘वा, वा’ व्हायचं. मग प्रश्न यायचा, ‘आडनाव काय म्हणालात?’ मी सांगायचे. सांगितलं की त्या घरात नेमका त्याच महिन्यात कुणाचा तरी भाचा शिकायला यायचा असायचा. परभणीत इतके भाचे कुठून येतात, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यामुळे काकांसमोर मी स्वतःच सुरुवात केली. एकदाचं सांगून टाकावं आणि पुढच्या घराकडे वळावं, असा विचार होता. पण मी नाव उच्चारायच्या आतच त्यांनी तळहात वर केला.

‘नाव सांगू नको. ध्यानात राहत न्हाई माझ्या. सामान किती?’

‘एक ट्रंक, एक पिशवी, गॅस.’

‘आण.’

दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक काट्यावर चढली. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन आकडा वाचला, ‘हं’ म्हणाले. मग पिशवी. पिशवीत साडीत गुंडाळलेली बुद्धमूर्ती होती, आईनं दिलेली. पिशवी हुकाला लावता लावता त्यांच्या हाताला ती लागली. त्यांनी साडीचा पदर थोडा बाजूला सारला, बघितलं आणि पुन्हा नीट झाकलं. ‘ही हातात धर,’ म्हणाले. ‘नाजूक मालाचं वजन करत न्हाईत.’ मग परीक्षा सुरू झाली. पाणी किती बादल्या लागतं. गाणी मोठ्यानं लावतेस का. लाईट गेल्यावर काय करतेस.

‘चिडते,’ मी म्हणाले.

‘सगळेच चिडतेत. सांगत न्हाईत.’ असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. किल्लीला सुतळीनं पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं, पार्सलला असतं तसं, आणि त्यावर माझ्या सामानाचं वजन. नंतर कधीतरी मी त्यांना विचारलं होतं, आडनाव विचारत नाही हे कसं काय? ते म्हणाले, ‘पार्सलवर नाव असतंय की. पण भाडं वजनावर लागतंय.’

आता सिस्टरचं सांगते. सांगायला मला आवडत नाही, पण तिला वगळून काका पुरे होत नाहीत. ती माझ्या आधीपासून तिथं राहत होती. नवरा वालूरला शेती बघायचा, छोटी लेक त्याच्याकडे, आणि ही इथं एका दवाखान्यात नोकरीला. तिच्या किल्लीच्या लेबलावरचं वजन माझ्याहून कमी होतं, आणि काकांना त्याचं फार कौतुक. ‘बाजूची बग. एक बॅग अन् एक बादली. असं ऱ्हावं माणसानं.’ हे मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावं लागे. माझ्या ट्रंकेत पुस्तकं होती, म्हणून ती जड होती. पण काट्याला पुस्तकं आणि दगड सारखेच.

सिस्टर हसरी होती. मला हसऱ्या माणसांचा राग नाही, पण तिचं हसू नेमकं काकांच्या बोलण्यावर, नेमक्या वेळी यायचं. दवाखान्यातल्या गमती ती ओसरीवर बसून सांगायची आणि काका गुडघ्यावर थाप मारून हसायचे. काकू तिला न विचारता चहा द्यायच्या. मला ‘घेणार का’ असं विचारून द्यायच्या. लहान गोष्ट आहे. मला ती लहान वाटायची नाही. माझे वडील मी शाळेत असताना गेले. एका म्हाताऱ्या माणसानं माझ्याकडे बघून गुडघ्यावर थाप मारावी, एवढंच मला हवं होतं, आणि ती थाप रोज शेजारच्या खोलीच्या वाट्याला जायची.

माझी आई पेडगावला एकटी राहायची. गुडघे गेलेले. गुडघे गेले म्हणून मजुरी गेली, आणि मजुरी गेली म्हणून दिवसभर एकटी. एका उन्हाळ्यात ती मला भेटायला आली. ओसरीला जेमतेम दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ती बसली, ‘जरा दम खाते’ म्हणाली, मग भिंतीला हात लावून दुसरी चढली. काका खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी तिला सामान किती हे विचारलं नाही. गाव कोणतं एवढं विचारलं आणि चष्मा पुसत बसले. ती माझ्या खोलीत एक रात्र राहिली. खाटेवर ती, खाली मी, आणि गॅस उचलून मोरीत ठेवलेला. दोघींची तिथं कायमची सोय होणं शक्यच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात वरचे सोडून गेले. दोन खोल्या, मोठी गच्ची, स्वतंत्र मोरी. मी त्याच दिवशी काकांपुढे जाऊन उभी राहिले. ‘काका, वरच्या खोल्या मला द्या. आईला आणते.’ माझं वाक्य संपतं न संपतं तोच मागून सिस्टरचा आवाज, ‘काका, मला बी इचारायचं व्हतं. लेकीला हितल्या शाळंत घालावं म्हणते.’

काकांनी आम्हा दोघींकडे बघितलं. ‘बगू. आधी मला एका भाडेकरूचं बगायचंय. त्यो ठरला की तुमचं ठरवू.’

‘कोण भाडेकरू?’

‘मशीनमधला.’

काकांचा मुलगा परगावी नोकरीला होता. त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत होता. मधे एक दार, त्यांच्या बाजूनं कडी लावलेलं. घरातली सगळ्यात चांगली खोली ती: पूर्वेला खिडकी, जमिनीला फरशी आणि घरातला एकुलता एक कूलर. कूलर मशीनसाठी. काकू म्हणायच्या, ‘माणसं घामानं भिजायलीत अन् डब्याला हवा!’ पण इलाज नव्हता. मशीन तापलं की बंद पडायचं, आणि ते बंद पडलं की काकांचे अर्ज बंद पडायचे. गल्लीतल्या सगळ्यांच्या वतीनं काका तक्रार अर्ज लिहीत. नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा, स्टेशनवरचं बंद घड्याळ. एका बोटानं टाइप करायचे, छापायचे आणि पाकीट टपालात टाकण्यापूर्वी काट्यावर लावून बघायचे. काटा अर्थात हलायचा नाही.

‘ह्या विंडोजनं लय सामान जमवलंय,’ काका मला म्हणाले. ‘सकाळी बटन दाबावं तर काकूचा चहा होऊन कप धुवून व्हतो, तरी ह्यो उठत न्हाई. ह्याला काढायचा. हलका भाडेकरू बग एखादा. तुझं कामच हाय न ते?’

माझं कामच होतं. सिस्टरचं नव्हतं! मला एकदम उमेद आली. एवढं चोख करून दाखवायचं की वरच्या खोल्यांची किल्ली त्यांनी स्वतःहून माझ्या हातात ठेवावी. मी उत्साहानं सांगायला लागले की काका, जुन्या मशीनसाठी खास हलक्या सिस्टिम असतात, फुकट मिळतात, लिनक्सवर चालणाऱ्या, त्यातल्या एकीचं नाव…

तळहात वर. ‘नाव नको. सामान किती त्ये सांग.’

मी समजावलं. मशीनची मेमरी एक जीबी. म्हणजे एवढी एक खोली समजा. विंडोज उठून नुसती बसली तरी निम्म्याहून जास्त खोली तीच भरते. उरलेल्या जागेत अर्ज, इंटरनेट, प्रिंटर. काका ऐकत होते. म्हणाले, ‘म्हंजे भाडेकरूनंच पाय पसरले, तर आल्यागेल्यानं बसायचं कुटं?’ मला हे इतकं पटलं की पुढे कॉलेजात मी ते असंच शिकवायला लागले. काकांना मात्र सांगितलं नाही.

पहिला भाडेकरू मी रूप बघून आणला. चूक तिथंच झाली म्हणा, पण सुंदर होता. खिडक्या उघडताना हळुवार फुलायच्या, खाली चित्रांची रांग, मागे डोंगर आणि तळं. काकांनी त्याला हात लावायच्या आधी मशीनच्या डब्यावर तळवा ठेवला, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग डब्याला कान लावला. ‘नवाब हाय ह्यो,’ म्हणाले. ‘लय नोकरचाकर दिसतेत. आत धावपळ चालू हाय.’ तरी चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी अर्ज छापताना नवाबसाहेब डोंगर आणि तळं दाखवत गोठून बसले. काढला.

त्याला बसवला त्याच दिवशी एक मोठा प्रसंग झाला होता. विंडोज असताना काकांनी मला न विचारता कॉम्प्युटरचा डबा काट्यावर टांगून वजन करून ठेवलं होतं. विंडोज पुसून नवाब बसवताना मी डबा उघडला, ब्रशनं आतली धूळ काढली आणि मोडकी सीडी ड्राइव्हही काढून टाकली. दुपारी काकांनी डबा पुन्हा टांगला. वजन कमी भरलं. काका गल्लीत धावतच गेले. ‘विंडोज काढला तर डबा हलका झाला! या, बगा या!’ लोक आले. मी हात जोडून सांगत होते, काका, सॉफ्टवेअरला वजन नसतं, मी धूळ काढलीय, हा बघा ड्राइव्ह. कुणी ऐकेना. तेवढ्यात सिस्टर ड्युटीवरून आली, काट्यावरचा आकडा वाचला आणि म्हणाली, ‘अगंबाई, खरंच कमी भरलं की वो काका!’

बस. त्या दिवशी गल्लीत ठरलं की विंडोजला वजन असतं. मी कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी घेऊन तिथंच उभी होते, हातात मोडका ड्राइव्ह धरून.

दुसरा भाडेकरू साधा होता, चित्रं मोठी मोठी, म्हाताऱ्या माणसाला बरा. तो सिस्टरला आवडला. तिला आवडला म्हणून काकांना आवडला. ‘बाजूचीला माणूस कळतो,’ म्हणाले. ती दोघं शेजारी बसून त्यात पत्ते खेळायची, आणि मी मागे उभी राहून मराठी टायपिंग कसं जोडायचं याचा विचार करत असायचे. ते मी जोडलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग काकांनी त्याची शेवटची परीक्षा घेतली. मला न सांगता भिंतीवरचं बटणच बंद केलं.

मी किंचाळले.

‘लाईट गेली असं समज,’ काका शांतपणे म्हणाले. ‘परभणीत ऱ्हायचंय ह्याला.’

लाईट आली. भाडेकरू उठेना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी पुटपुटत राहिला. सिस्टर म्हणाली, ‘काका, धक्का बसलाय याला. सलाईन लावा.’ काका इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. गुडघ्यावर थापांवर थापा. मी दोन ओळी टाइप करून त्याला शुद्धीवर आणला, तेव्हा हसणं अजून चालूच होतं. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मत्सरानं माणसाला भूक लागत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. पोळ्या तशाच राहिल्या.

तिसरा मी रागानं आणला. हलका पाहिजे ना? घ्या हलका. राखाडी पडदा, त्यावर एकही चित्र नाही, एकही बटण नाही. माउसची उजवी बाजू दाबली तर एक छोटी यादी यायची, तीही उपकार केल्यासारखी. सिस्टर म्हणाली, ‘हे काय वो, काहीच न्हाई याच्यात.’ मी मनात म्हटलं, तेच तर.

काका बराच वेळ त्या राखाडी पडद्यासमोर बसले. बटण दाबून उठवला, चहाचं आधण ठेवायच्या आत हजर. भिंतीवरचं बटण बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा हजर, कुरकूर नाही. पुन्हा बंद केलं, पुन्हा हजर. अर्ज लिहिला, छापला. डब्यावर तळवा ठेवला. कान लावला. ‘मुका हाय,’ म्हणाले, ‘पण इमानी दिसतो.’

मग त्यांनी जे केलं ते मला तेव्हा विक्षिप्तपणाच वाटलं. त्यांनी कूलर बंद केला, खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि भर मे महिन्याच्या दुपारी मशीन चालू ठेवून निघून गेले. ऊन उतरल्यावर आले. मुका चालूच होता. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून सगळं उचलून ओसरीवर आणवलं, काट्याच्या शेजारी, पत्र्याखाली. तिथं धूळ, तिथं झळा. दोन-तीन दिवस तिथंच अर्ज लिहिले. मी विचारलं, ‘आत ठेवायचं ना परत?’ तर म्हणाले, ‘थांब की.’ शेवटी एका सकाळी डब्याला सुतळीनं पुठ्ठ्याचं लेबल बांधलं. म्हणजे भाडेकरू ठरला.

आता आमचं ठरणार होतं.

काकांनी खिशातून वरच्या खोल्यांची किल्ली काढली आणि सिस्टरला दिली. ‘लेकीला आण,’ म्हणाले. सिस्टर त्यांच्या पाया पडली. मी तिथून निघाले ती थेट रस्त्यावर. चप्पल घातली होती की नाही, तेही आठवत नाही. सगळं मी केलं होतं. नवाब मी आणला, मराठी मी जोडलं, बेशुद्ध पडलेल्याला मी उठवलं, मुका मी शोधला. तिनं काय केलं? हसली. हसण्याला दोन खोल्या आणि गच्ची!

त्या दिवशी मी पुन्हा खोल्या शोधल्या. रागात माणूस विसरून जातो की आपण याआधीही हे केलंय. एका ठिकाणी पाणी मिळालं, पंखा लागला, ‘वा, वा’ झालं. मग त्या बाई म्हणाल्या, ‘आडनाव काय म्हणालात?’ मी अजून काही म्हणालेच नव्हते. उरलेलं पाणी पिऊन मी परत निघाले.

काका ओसरीवर मुक्यासमोर बसले होते. मी त्यांच्या आणि पडद्याच्या मधे जाऊन उभी राहिले.

‘मशीन माझ्याकडून करून घेतलं अन् खोल्या तिला दिल्या. माझ्या आईनं कुठं राहायचं?’

काका वर न बघता म्हणाले, ‘जिन्याला पायऱ्या किती हायेत?’

‘मला काय माहीत!’

‘त्येच म्हणलं. तुला न्हाई म्हाईत. तुझ्या आईला हितल्या दोन पायऱ्यांला भिंत धरावी लागली, मी बगितलं न. तिला वर चढवून काय तिथंच कोंडायची व्हती का? नाजूक माल हाय त्यो. त्याला खालीच ठेवतेत.’

‘खाली कुठं?’

ते उठले, आत गेले, आणि माझ्या खोलीतून मला आवाज आला: मधल्या दाराची कडी निघाल्याचा. मी आत धावले. दार उघडं होतं. पलीकडे पूर्वेची खिडकी, फरशी, आणि खिडकीत कूलर. बाकी खोली रिकामी. झाडून घेतलेली. दोन खोल्या एक झाल्या होत्या.

‘विंडोज व्हता तवर डबा बाहेर ठेवता येत नव्हता,’ काका म्हणाले. ‘कूलर लागायचा त्याला. हलका भाडेकरू भेटल्याबिगर खोली कशी मोकळी व्हणार?’

‘मग आधी सांगायचं ना, काका!’

‘सांगितलं असतं तर तू घाईघाईनं कसला बी आणून बसवला असतास. आईसाठी म्हणून. अन् पुढल्या उन्हाळ्यात त्यो बंद पडला असता तर डबा परत हितंच आला असता. मग आईला कुटं हलवलं असतं?’

मी तिथंच दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि रडले. काकू पाणी घेऊन आल्या. न विचारता.

इथं ही गोष्ट थांबली असती तर मी भली बाई म्हणून उरले असते. पण आई आली.

आई आली आणि तिनं ओसरीवर, मशीनच्या शेजारी, आपलं पोतं अंथरलं. शेंगा फोडायच्या, तूर निवडायची, ते सगळं तिथं बसून. काका एका बोटानं अर्ज लिहायचे आणि वाचून दाखवायचे. आई म्हणायची, ‘दादा, हे लय गुळमुळीत झालं. त्येला जरा झोंबलं पायजे.’ काका बदलायचे. आईला अक्षर ओळखू येतं तेवढंच, पण पुढे पुढे माउस तिच्या हातात दिसायला लागला. पडद्यावरचे पत्ते मी तिला कधी शिकवले नव्हते. माझ्याकडून तिला मोबाईलसुद्धा शिकायचा नव्हता, म्हणायची, तू खेकसतीस. काका खेकसत नसत. ती डाव जिंकली की काका गुडघ्यावर थाप मारायचे. सिस्टरला इतक्या थापा कधी मिळाल्या नव्हत्या. सिस्टर वरून बघायची आणि हसायची, आणि पहिल्यांदाच मला तिच्याबद्दल आपुलकी वाटली, कारण आता आम्ही दोघी एकाच बाजूला होतो.

आणि ते नाव. एक दिवस मी कॉलेजातून आले, फाटक उघडलं, तर काका हाक मारत होते, ‘गयाबाई! ओ गयाबाई! नळ आला बगा!’

मी फाटकातच थांबले. गयाबाई. माझ्या आईचं नाव. ज्या माणसाला पोस्टमननं सांगूनही आमची नावं लक्षात राहत नव्हती, त्याच्या तोंडी ते असं रुळलेलं, जणू लहानपणापासून घेत आलाय. मी विचारलं, ‘काका, आईचं नाव बरं लक्षात राहिलं?’

‘तिनं सांगितलं न,’ काका म्हणाले. ‘मी इचारलं, तिनं सांगितलं.’

त्यांनी विचारलं! मला कधी विचारलं नाही. मी सांगायला गेले तर हात वर केला. हा हिशेब मी त्यांच्याशी कधीच मिटवला नाही, आणि आता मिटवता येणार नाही. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी काका गेले. आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांचा अर्ज चालला होता, स्टेशनवरच्या त्याच घड्याळाबद्दल. त्यांचा मुलगा आला, दहा-पंधरा दिवस राहिला. जाताना कॉम्प्युटर कुणाला द्यायचा असं काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, ‘त्ये ठरल्यालं हाय. गयाबाईचा हाय त्यो.’ मुलानं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, गयाबाई मीच.

घर तेच आहे. काटा तिथंच टांगलेला आहे, वर सिस्टर आहे, पुढे काकू. सकाळी आई ओसरीवर जाऊन बटण दाबते, चहाचं आधण ठेवायच्या आत मुका हजर होतो. काकांसारखंच एका बोटानं ती टाइप करते. गल्लीतली माणसं आता तिच्याकडे येतात, आणि छापायच्या आधी ती मजकूर मला वाचायला लावते. झोंबतो.

परवा मी पेनड्राइव्ह घेऊन तिच्याजवळ गेले. मुका आता फार जुना झालाय, त्याच्यासाठी नवं काही येणं बंद झालंय, आणि माझ्याकडे एक नवी, खरोखर चांगली सिस्टिम होती. माझं कामच आहे ते. मी म्हणाले, ‘आई, हा काढून नवा टाकू या. लय छान आहे. नाव आहे त्याचं…’

आईनं पडद्यावरची नजर काढली नाही. फक्त तळहात वर केला.

‘नाव नको. सामान किती?’

मला एवढा राग आला की काय सांगू. नाव तिला, मशीन तिला, आणि त्यांचा प्रश्नसुद्धा तिलाच. तिच्या कितीतरी आधीपासून मी या घरात होते! पण काय करणार, विचारलं होतं, तर उत्तर द्यायला हवं. मी खरं ते सांगितलं.

‘याच्यापेक्षा थोडं जास्त आहे.’

‘मग बाहेरच ऱ्हाऊ दे त्येला,’ आई म्हणाली, आणि पत्ता टाकला.